कोरड्या जमिनीवरचं गाणं

भांडण पडवीत चाललं होतं, आणि ज्या बाईवरून चाललं होतं ती आत खाटेवर पडून सगळं ऐकत होती.

"तू तिच्या पोटावर गुडघा दिलास, अघनिया! मी या डोळ्यांनी पाहिलं. बाई आहे ती, भाताचं पोतं नाही," सासू बिसाहिन म्हणाली.

सुईण अघनिया काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "गुडघा नव्हता, कोपर होतं. आणि पहिल्याच संध्याकाळी मी काय सांगितलं होतं? गाडी जुंपा, धमतरीच्या दवाखान्यात न्या. तेव्हा कोण म्हणालं, आमच्या घराण्यात सून आपल्याच कौलांखाली बाळंत होते? आली का तुझी कौलं पोर ओढायला?"

"पोर आली ना पण धड!"

"पोर आली. तिच्या आईचं काय? तिसरा दिवस आहे, खाट सुकत नाही."

"बाळंतिणीला होतं तसं. सुकेल."

"सुकेल! पापड आहे का ती?"

शेवटी चहा झाला, गुळाचा. दोघी बशीत ओतून प्यायल्या आणि भांडण तिथेच मिटलं. खाटेवरच्या हिरौंदीचं दुखणं मात्र राहिलं. तिच्याजवळ येऊन कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय होतंय? ती काय शिकली तर एवढंच, की ही गोष्ट आपल्याबद्दल आहे, पण आपण बोलायची नाही. आणि शिकलेलं ती लवकर विसरत नसे.

महिन्या-दोन महिन्यांत खाट सुकली, ते खरं. पण खोकला आला की थेंब, हंडा उचलला की थेंब, आणि हसू आलं की विचारूच नका. हिरौंदी होती हसरी. माहेरी, कुरुदला, लग्नातल्या शिव्यांच्या गाण्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वऱ्हाडी पत्रावळीवर बसले की मुलीकडच्या बायकांनी गाण्यातून त्यांची चामडी सोलायची, आणि सोलून घेणाऱ्यांनी मिटक्या मारत जेवायचं, ही आमच्याकडची रीतच. मुलीकडच्या बायका गप्प बसल्या तर मुलगी सासरी जन्मभर ऐकते: तुझ्या आईच्या तोंडात जीभ नव्हती का गं? हिरौंदी सेमरतऱ्याला सून म्हणून आली ती हे नाव घेऊनच. गावानं तिला माहेरावरून कुरुदहिन म्हणायला सुरुवात केली आणि वाट पाहू लागलं, की कधी गाते.

पण पोटातून सूर काढायचा म्हणजे पोट आवळावं लागतं, आणि पोट आवळलं की खालचं सुटतं. पहिल्या लग्नात ती दुसऱ्याच ओळीला उठून गेली. दुसऱ्या लग्नाला डोकं दुखतं म्हणाली. पुढे कुणी बोलावेनासंच झालं.

"कुरुदच्या बाजारात वाढलेली," बायका म्हणाल्या, "आपल्या मांडवात कशाला गाईल?"

ती लुगडी गडद रंगाची नेसू लागली. तळ्यावर सगळ्यांच्या आधी जायची, सगळ्यांच्या आधी परतायची. चटई वेगळी टाकायची. नवरा भगेला आधी रागावला, मग रुसला, मग त्यानं विचारणं सोडलं. आणि तिनं पाणी सोडलं. डोकं असं चाललं तिचं, की वरून घातलं नाही तर खालून येणार नाही. सकाळची बासीसुद्धा ती मुठीत पिळून, कोरडा भात मीठ-कांद्याबरोबर खायची. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा आणि ते गार पाणी वर प्यायचं, यावर तर आमची माणसं उन्हातान्हात जगतात. सासूला वाटलं, सून आपल्या हातच्या पाण्याला नाव ठेवते.

"अमृत सांडते ही बया," बिसाहिन दारोदार सांगायची. "पिळून खाते! भात आहे का धुणं?"

वर्षातून एकच काळ हिरौंदीचा सुखाचा जायचा, तो भाताच्या रोवणीचा. आषाढात गुडघाभर चिखलात सगळ्या बायका कमरेपर्यंत ओल्या असायच्या, वरून पाऊस, खालून पाणी. कुणाचं लुगडं कशानं भिजलं हे देवालाही सांगता आलं नसतं. मग ती गायची! वाकून, रोपाची जुडी हातात घेऊन, छाती फोडून गायची. पलीकडच्या शिवारातले बैल थांबायचे म्हणतात. माणसं तर थांबायचीच. रोवणी संपली की पुन्हा तोंडाला कुलूप.

"बेडकी आहे ती," गावानं ठरवून टाकलं. "पाणी असलं तरच गाते."

ती हसायची, अगदी बेतानं, ओठ मिटून.

ती पोर, रमशीला, मोठी झाली आणि नवागावची सोयरीक आली. साखरपुड्याला मुलाची आत्या आली होती, पंचो तिचं नाव. धिप्पाड बाई, हातात चांदीचं जाड कडं, आणि शिव्यांच्या गाण्यात दहा गावांत पहिली. बायका वरातीत जात नसत तेव्हा, पण पंचोला अडवायची कुणाची छाती नव्हती.

"विहीणबाई," पंचो सुपारी कातरत म्हणाली, "तुमच्या शेतातलं गाणं आमच्या बांधापर्यंत येतं हो. झकास! आता लग्नात ऐकू. पण मांडवात चिखल नसतो, ते ठाऊक आहे ना? बेडकीला कोरड्यावर गाता येतं का, ते बघायलाच येणार मी."

सगळे खो खो हसले. रमशीला हसली नाही. ती आईकडे बघत होती.

रात्री पोर म्हणाली, "आई, तू गाशील ना? नाही गायलीस तर ही बाई मला मरेस्तोवर बेडकीची पोर म्हणेल."

"गाईन," हिरौंदी म्हणाली. बोलून तर बसली, आणि त्या रात्री तिला झोप आली नाही.

दैव असं, की साखरपुड्यानंतर मुलाचे आजोबा वारले आणि लग्न पुढच्या वैशाखावर गेलं. मधे वर्षभराची मुदत मिळाली. या मुदतीचं हिरौंदीनं काय केलं? उरलंसुरलं पाणीही तोडलं! म्हणाली, आत्तापासून सवय लावते. मोहफुलं वेचायच्या दिवसांत, झाडाखाली टोपली भरता भरता, ती तिथेच आडवी झाली.

थोरली जाऊ सुकवारो जवळच वेचत होती. तिनं तोंडावर पाणी मारलं, दोन शिव्या दिल्या, खांद्यावर हात टाकून तिला उपकेंद्रावर नेलं. तिथली नर्स मारथा उंच, काटकुळी बाई. बोलणं कमी, पण नजर अशी की खोटं बोलणाऱ्याची जीभ अडखळावी.

"लघवीला किती वेळा जातेस?"

हिरौंदी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडे बघत राहिली.

"सुकवारो, तू बाहेर बस."

"मी का? मी थोरली आहे घरातली."

"म्हणूनच."

दार लोटल्यावर मारथानं पुन्हा विचारलं, हळू. "पाणी का सोडलंस?"

"कोरडं राहायला," हिरौंदी म्हणाली, आणि हे शब्द बाहेर पडले तसं रडूही बाहेर पडलं. "पोर झाली तेव्हापासून. त्या पोरीचं आता लग्न आहे."

मारथा अरेरे म्हणाली नाही. तिनं हात धुतले, तपासलं, आणि धमतरीच्या डॉक्टरीणबाईकडे पाठवून खात्री करून घेतली, की आत छिद्र नाही, खडा नाही. हिरौंदी चिठ्ठी घेऊन परत आल्यावर मारथानं तिला समोर बसवलं.

"पिशवी शाबूत आहे तुझी. खालचा आधार सैल पडलाय. झोळीची गाठ सैल झाली की पोर खाली लोंबतं ना, तसं. गाठ आवळायला शिकायची."

"कशी आवळायची? हात तर पोचत नाही."

"सासरा समोर बसलाय, चार पंच बसलेत, आणि तुझ्या पोटात वारा धरलाय. काय करशील?"

"अगं बाई! आवळून धरीन."

"तेच. पुढूनही तसंच, वर ओढल्यासारखं. पोट नाही, मांड्या नाही, फक्त आतलं. धर, मग सोड. श्वास कोंडू नको. आणि खोकायच्या आधी, हंडा उचलायच्या आधी, आवळून मग उचल."

हिरौंदीनं तिथेच करून पाहिलं. मारथा म्हणाली, "डोळे कशाला वटारतेस? डोळ्यांचं काही काम नाही यात."

बऱ्याच वर्षांत हिरौंदी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. आणि हो, भिजली. मारथानं कापड पुढे केलं.

"आणि पाणी प्यायचं. भरपूर. पाणी तोडलंस की लघवी तिखट होते आणि पिशवी चिडते. चिडली की जास्त पळवते. तुझ्या सासूला उपाशी ठेवलंस तर ती गप्प बसेल का?"

हे मात्र हिरौंदीला एकदम पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बासी खाल्ली, आणि वाडगं तोंडाला लावून वरचं पाणी घटाघटा प्यायली. बिसाहिन आता कमरेत वाकली होती. ती बघतच राहिली. मग शेजारणीकडे जाऊन म्हणाली, "सून सुधारली बाई माझी. वीस वर्षं लागली, पण सुधारली." तिला खरं काय ते कुणी सांगितलं नाही. म्हातारं माणूस आनंदात होतं, राहू द्यावं.

सुकवारोला मात्र सांगावं लागलं. ऐकून ती म्हणाली, "एवढंच? अगं, मला धाकट्यापासून शिंक आली की पायांची आढी घालावी लागते. मला वाटलं, सगळ्यांनाच होतं, बोलत नाहीत." मग दोघी जावा उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि कुणाला न कळता आवळायच्या. कुणी विचारलं, एवढ्या गंभीर का बसल्यात, तर सुकवारो म्हणायची, "पंच बसलेत समोर."

भगेलालाही तिनं सांगितलं, जेवायला वाढताना, ताटाकडे बघत. तो घास तसाच धरून बसला. "मला वाटायचं," तो म्हणाला, "मी तुला आवडत नाही." आणि भात संपवून उठला. त्या रात्री त्यानं स्वतःच दोन्ही चटया एकीला एक लावून टाकल्या.

सगळं काही सुतासारखं सरळ झालं, असं समजू नका. महिना गेला, दोन गेले, काडीचा फरक नाही. ज्येष्ठात ती एकदा पार चिडली. "मारथा सिस्टरला काय, तिला मांडवात गायचं नाही," म्हणाली आणि आठवडाभर काही केलं नाही. मग रोवणी आली. चिखलात उतरून ती गायला लागली, आणि गाता गाता, सवयीनं म्हणा, ओळीच्या आधी तिनं आतून आवळलं. सूर चढला. तेवढ्यात बांधावर जायची वेळ आली, जुड्या आणायला. बांध कोरडा. ओळ अर्धी तोंडातच होती. तिनं ती तोडली नाही, चालत चालत पुरी केली. मग थांबून स्वतःची चाहूल घेतली. एक थेंब आला होता. एकच! जिथे ओंजळ जायची तिथे थेंब.

ती तशीच बांधावर बसली आणि जुड्यांचं विसरून गेली. "काय झालं गं?" खालून बायकांनी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "पाय अवघडला."

कापणी झाल्यावर सुकवारोनं परीक्षा घेतली. खळ्यावर दोघीच होत्या. हिरौंदीनं मुद्दाम फिकं लुगडं नेसलं होतं, रमशीलाच्या आहेरातलं. सुकवारोनं आपल्या मामेभावाची आणि चोरलेल्या कोंबड्याची ती गोष्ट सांगितली, जी ती फक्त बायकांत सांगते. हिरौंदी पोट धरून हसली, खदखदा हसली. मग सुकवारोनं तिला गोल फिरवून मागून पाहिलं, गुरं विकत घेताना पाहतात तसं.

"कोरडी ठणठणीत!" ती ओरडली. मग स्वतः मांड्या आवळत म्हणाली, "थांब, मीच जाऊन येते."

वैशाखात लग्न लागलं. हिरौंदी हळदीच्या रंगाचं लुगडं नेसून मांडवात उभी राहिली. अशा रंगावर पाण्याचा एक शिंतोडासुद्धा लपत नाही. सुकवारोनं डोळे मोठे केले, तर ती म्हणाली, "असू दे. लपायचं असतं तर चिखलात लग्न लावलं असतं."

वऱ्हाडी पत्रावळींवर बसले. पंचो बायकांच्या समोर, पाय पसरून, कडं सावरून बसली आणि पहिला वार तिनंच केला:

"सेमरतऱ्याची बेडकी बाई चिखलात गाते छान,
कोरड्या मांडवी उभी राहा, मग देऊ मान!"

सगळ्या माना हिरौंदीकडे वळल्या. रमशीला आतल्या खोलीत हळदीच्या हातांनी चौकट धरून उभी होती. हिरौंदीनं तांब्याभर पाणी मागितलं, सगळ्यांसमोर सगळं प्यायली. मग आवळलं, आणि सूर लावला:

"नवागावचे वऱ्हाडी आले मिशा पिळून पिळून,
भात वाढता हात पोचेना, मिशाच गेले गिळून!"

पुरुषांत एकच हशा झाला. मिशीवाल्यांनी मिशा झाकल्या. बायकांनी ओळ उचलली. मग ती थांबेच ना. नवऱ्याच्या मामाची टोपी झाली, ढोलवाल्याचं पोट झालं, वरातीतल्या लंगड्या घोड्याचं झालं. पंचो एकेका ओळीला उत्तर देत होती, तीही काही कमी नव्हती. हिरौंदी तिच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली:

"नवऱ्याची आत्या आली, छुनछुन वाजे जोडवी,
सोयरीक गोड म्हणता म्हणता जीभ का गं कडवी?
तिखट तिची जीभ म्हणून नवरा पळे रानी,
वाघ म्हणाला, राहा इथं, घरी बाई शहाणी!"

पंचोला हसू आवरेना. ती हसली, ठसका लागला, पुन्हा हसली, आणि एकाएकी तिचं हसू तोंडावरच थिजलं. ती उठली. गुडघे जवळ धरून, लुगड्याचा ओचा मुठीत आवळून, लहान लहान पावलं टाकत ती गोठ्यामागे निघाली.

लोकांना वाटलं, हरली, पळाली. पोरींनी टाळ्या पिटायला हात उचलले. पण ती चाल हिरौंदीनं ओळखली. वीस वर्षं तीच तसं चालत आली होती. तिनं एकदम ढोलवाल्याकडे हात केला.

"बसलाय काय पोट कुरवाळत? वाजव! पत्रावळी गार झाल्या, गाणी जिरायची तरी कशी?"

ढोल दणाणला, टाळ्या त्यात बुडाल्या. हिरौंदीनं तांब्या भरून घेतला, एक वाळलेलं लुगडं काखेला मारलं आणि गोठ्यामागे गेली. पंचो पेंढ्याच्या गंजीला टेकून उभी होती.

"आलीस? हस. जिंकलीस ना."

"हसत नाही. लुगडं आणलंय. आणि पाणी."

"पाणी? पाण्याचं नाव काढू नकोस, पाण्यानंच तर..."

"ते सगळं सांगते. आधी हे सांग, किती वर्षं?"

एवढी धिप्पाड बाई, पण आवाज अगदी लहान झाला. "थोरल्यापासून. तो आता आजोबा व्हायला आलाय."

"मग वरातीत आलीस कशी एवढ्या लांब?"

"कालपासून कोरडी आहे. थेंब प्यायले नाही. काय करू, गाणं सुटत नाही ना."

"पी," हिरौंदीनं तांब्या पुढे केला. "आणि मला सांग, चार पंच समोर बसलेत, पोटात वारा धरलाय. तू काय करशील?"

गोठ्यामागून दोन विहिणींच्या हसण्याचा आवाज मांडवापर्यंत आला. पुरुष म्हणाले, बायकांचं काही कळत नाही, आत्ता तर एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. रमशीलाला सासरी कुणी बेडकीची पोर म्हटलं नाही. एका चुलत जावेनं एकदा म्हणून पाहिलं होतं. पंचोनं तिला अशी काही फैलावर घेतली, की बिचारी चार दिवस माहेरी जाऊन बसली.

त्या लग्नानंतर तळ्याच्या घाटावर हिरौंदी सगळ्यांबरोबर जाऊ लागली. एक बाई लुगडं आपटता आपटता हळूच विचारी, "कुरुदहिन, एवढा वेळ गायलीस, मधे एकदाही उठली नाहीस?" दुसरी म्हणे, "माझ्या नणंदेला त्रास आहे बाई." नणंद कुठली, त्रास तिलाच. अर्ध्या घाटाला तोच त्रास होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपल्यावरच देवाचा राग. हिरौंदीनं मोठ्यानं सांगून टाकलं, अगदी घाटाच्या पायरीवर उभं राहून. काही जणींनी तोंडाला पदर लावला. पण मंगळवारी नर्सबाईच्या दारात पाच-सहा जणी बसलेल्या होत्या. ज्यांना आवळून भागणार नव्हतं, सतत गळत होतं, त्यांना मारथानं मोठ्या दवाखान्यात धाडलं. एकीला टाके घालावे लागले, आणि ती परत आली तेव्हा तिला आणायला हिरौंदी बसथांब्यावर उभी होती.

मग ती रीतच पडून गेली. सेमरतऱ्यात कुणी बाळंत झाली की हिरौंदी तिच्या घरी जायची, सासूला पडवीत बसवायची आणि खाटेपाशी जाऊन बाळंतिणीलाच विचारायची, "तुला काय होतंय, बाई?" सासवा कुरकुरायच्या. नंतर त्याच तिला बोलवायला यायच्या.

वय झालं तसं भगेला गेला, सुकवारोच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, मारथाची बदली होऊन तिच्या जागी दोन नर्सा येऊन गेल्या. हिरौंदीचं काही बदललं नाही. कधी जोराची शिंक आली की थेंब जायचाही. त्याचं तिला काही वाटत नसे. "म्हातारं कौल आहे," म्हणायची, "कुठेतरी गळणारच."

पौषातल्या एका मंगळवारी तिनं झाडूराम साहूच्या धाकट्या सुनेला, बाळ कडेवर घेऊन, उपकेंद्रावर नेलं. नवी नर्स तरुण होती. पोरगी लाजत होती, तर हिरौंदीनं तिच्या वतीनं सांगितलं नाही, फक्त हात धरून बसली, जोवर ती स्वतः बोलली नाही तोवर. बाळाला सुई टोचली, ते रडलं, मग झोपलं. परतताना ऊन चांगलं पडलं होतं. बांधावर थांबून तिनं लाखोळीची कोवळी भाजी खुडली, ओच्यात घेतली. सुनेला तिच्या दारात सोडलं, पुढच्या मंगळवारचं बजावलं. अर्धी भाजी सुकवारोच्या सुपात टाकली. सुकवारो म्हणाली, "मीठ कमी घाल, मागच्या वेळी खारट झाली होती." "तुझी जीभच खारट," हिरौंदी म्हणाली, आणि उरलेली भाजी निवडायला आपल्या घरी गेली.